नवऱ्याची सही: एका बाळाच्या सरेंडरची पूर्ण केस

"काकू, पोलिस येतील का?"

फोन उचलल्या उचलल्या हाच प्रश्न. मागे वॉर्डातला गलका, कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि ही अगदी कुजबुजत विचारतेय, मला आधी कळेचना कोण बोलतंय. मग आवाज ओळखला. इंदूरला आमच्या गल्लीत पाच घरी पोळ्या करायला यायची ती. आठवा लागल्यावर काम सोडून गेली होती आणि मग दोन महिने काही पत्ताच नव्हता.

तिचं नाव मी लिहीत नाहीये, खोटं नावपण ठेवत नाहीये, आणि दोनचार तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत. बाळाची ओळख पटेल असं काहीही छापलं किंवा पसरवलं तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि हे फक्त पेपरवाल्यांना लागू आहे असं कुणी समजू नये, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यालाही लागू आहे.

मी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे, म्हणजे वकील नाही, पण कुठला कागद कुठल्या दारात न्यायचा ते माहीत असतं. तिला हे माहीत होतं कारण माझ्या ओट्यापाशी उभी राहून तिनं माझी फोनवरची बोलणी ऐकलेली. म्हणून फोन मला आला, नाहीतर कुणाला आला असता देव जाणे.

परिस्थिती अशी. मुळची बुऱ्हाणपूरकडची, घरात मराठीच बोलतात. नवरा पिथमपूरला एका ठेकेदाराकडे होता, मग सुरतला जातो म्हणून गेला, पहिले दोन महिने पैसे पाठवले, मग फोन बंद. तेव्हा हिला तिसरा महिना. पदरात चार वर्षांची मुलगी. सासर म्हणतं तू काहीतरी बोलली असशील म्हणून गेला, माहेरी भाऊ आहे पण वहिनीचं राज्य. सरकारी दवाखान्यात मुलगा झाला, आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळणार म्हणल्यावर हिनं फोन केला की मला हे बाळ नेता येत नाही, पण सोडलं तर पोलिस येतील का.

आता आधी काय काय सल्ले मिळाले होते ते ऐका, कारण खरी भानगड तिथे आहे. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, मंदिराच्या पायरीवर ठेव, देव बघून घेईल. आणि वॉर्डातल्या एका आयाबाईनं, दवाखान्याचं नाव सांगत नाही, हळूच येऊन सांगितलं की एक फार चांगली जोडी आहे, बारा वर्षं मूलबाळ नाही, मुलगा आहे म्हणल्यावर तर साठ हजार देतील, स्टँप पेपरवर लिहून घेऊ, सगळं पक्कं. ही बिचारी जवळजवळ तयार झाली होती. साठ हजारांसाठी नाही हो, "पक्कं" या शब्दासाठी.

तर ते पक्कं वगैरे काही नसतं. पैसे घेऊन मूल देणं म्हणजे बाल न्याय कायद्याचं कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि त्यात दवाखान्याचा माणूस असेल तर त्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा रस्ता आहे, नाही असं नाही, घरातल्या घरात दत्तक त्यातच होतात, पण तिथेही आईनं एकटीनं देऊन चालत नाही, नवऱ्याची संमती लागते, आणि पैशाची देवाणघेवाण तिथेही गुन्हाच. म्हणजे आयाबाईचा स्टँप पेपर दोन्ही कायद्यांत बसत नव्हता. बसत होतं ते फक्त आयाबाईचं कमिशन.

आणि मंदिराची पायरी? बारा वर्षांखालचं मूल उघड्यावर टाकून जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आधी हेच आयपीसीचं ३१७ होतं. पेपरात वाचतोच की आपण, झुडपात नवजात अर्भक, अज्ञात महिलेविरुद्ध गुन्हा. आणि पोलिस नाही आले तरी कुत्री येतात. हे मी तिला फोनवर नाही सांगितलं, बाळंतिणीला काय सांगायचं, पण माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं.

तिला सांगितलं ते एवढंच, की तू बाळ टाकत नाहीयेस, सोपवते आहेस, आणि सोपवणाऱ्या आईवर एफआयआर होत नाही. हे मी धीर द्यायला म्हणलेलं वाक्य नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम ३८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या कुठल्याही कायद्यात काहीही असलं तरी, सोडलेल्या किंवा सरेंडर केलेल्या, म्हणजे रीतसर सोपवलेल्या, बाळाच्या चौकशीत जन्मदात्या आईबापावर एफआयआर नोंदवायचा नाही. आणि कलम ७५, जे मुलांशी क्रूरतेचं आहे, त्यातही लिहिलंय की परिस्थितीच हाताबाहेरची असेल तर आईबापानं जाणूनबुजून सोडलं असं धरायचं नाही. कायदा चांगला आहे. कुणाला माहीत नाही, एवढंच.

(माझा भाचा टेक्सासला असतो, तो म्हणाला मावशी आमच्याकडे तर फायर स्टेशनवर बाळ देऊन नावसुद्धा न सांगता जाता येतं. खरंय, १९९९ मध्ये टेक्सासनं पहिला तसा कायदा केला आणि मग पन्नासही राज्यांत आला. आपल्याकडे शिशुगृहांबाहेर पाळणे असतात कुठे कुठे, पण त्यात ठेवलेलं बाळ कागदावर 'परित्यक्त' होतं. सरेंडर म्हणजे समोर बसून, नाव सांगून. मला आपली पद्धत जास्त बरी वाटते, का ते पुढं कळेल.)

डिस्चार्जच्या दिवशी रिक्षानं थेट बाल कल्याण समितीपुढे. सगळे सीडब्ल्यूसी म्हणतात. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात एक तरी बाई हवीच, आणि अधिकार प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटचे, पण खोली मात्र अगदी साधी, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. ही दारातच थबकली. तिला वाटलं होतं पिंजरा असेल, वकील असतील. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे बाळकडूतच पाजतात ना.

समितीच्या बाई चांगल्या होत्या. पाणी दिलं, बसवलं, बाळाला पंख्याखालून बाजूला घ्यायला सांगितलं. आणि मग पहिलाच प्रश्न, "बच्चे के पिता कहाँ हैं?"

इथे गाडी अडली.

नियम असा आहे. लग्न न झालेल्या मुलीचं बाळ असेल तर तिची एकटीची सही चालते. जोडप्याचं बाळ असेल तर दोघांच्या सह्या लागतात, एक वारला असेल तर मृत्यूचा दाखला. आणि नवरा जिवंत आहे पण कुठे आहे माहीत नाही, आणि आई एकटीच आली, तर ते बाळ 'सरेंडर' धरतच नाहीत, 'परित्यक्त' धरतात. मग परित्यक्त बाळाची सगळी प्रक्रिया, पोलिसांकडून शोध, आणि पेपरात फोटोसकट जाहिरात, कुणाचं बाळ असेल तर या म्हणून. सरेंडर केलेल्या बाळाची जाहिरात करायला मनाई आहे, आईबापाची गुपितता सांभाळायची म्हणून. म्हणजे बघा, जिला नवऱ्यानं टाकलं तिलाच ही गुपितता मिळत नाही. एफआयआर हिच्यावरही होणार नव्हता, तेवढं संरक्षण दोन्हीकडे सारखंच, पण हिला पोलिसांपेक्षा पेपरची भीती जास्त वाटली. "फोटो बघून सासू ओळखेल काकू, कपाळ सेम त्याच्या बापाचं आहे."

नियम करणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं, बापाचा हक्क डावलून बाळ परस्पर देऊन टाकलं असं व्हायला नको. पण सोडून गेलेल्या नवऱ्यांची संख्या या देशात काही कमी नाही, त्यांच्या बायकांसाठी मधला एखादा रस्ता हवा होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आत्ताही वाटतं.

समितीनं त्या दिवशी अंतरिम आदेश काढून बाळ शिशुगृहात ठेवलं आणि आम्हाला म्हणाले, आठ दिवसांत नवऱ्याचा काही ठावठिकाणा लागतो का बघा.

मधल्या दिवसांत समुपदेशन. हे नुसतं नावाला नसतं, कुटुंब एकत्र ठेवायचे सगळे प्रयत्न करायचे असं कायद्यातच आहे. समुपदेशक मुलगी पंचविशीची असेल, तिनं तीनदा तीन पद्धतीनं विचारलं, बाळ ठेवायचं असतं तर काय लागलं असतं? आणि खरं सांगते, मीपण त्या मुलीच्याच बाजूनं होते. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत स्पॉन्सरशिप आहे, महिना चार हजार एका मुलामागे, नवऱ्यानं सोडलेल्या बाईची मुलं त्यात बसतात, शहरात वर्षाचं उत्पन्न शहाण्णव हजारांच्या आत हवं. मी तिथेच हिशोब मांडला, पाच घरं, घरी पंधराशे, महिना साडेसात हजार, वर्षाचे नव्वद हजार. बसतंय! मला अगदी परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, चार हजार येतील, पण सकाळी सहाला मी तुमच्याकडे कणीक मळायला लागले की ह्याला कोण घेईल? मोठीला मी खोलीत कडी लावून येते. ती चार वर्षांची आहे, तिला कळतं. ह्याला कडी लावून येऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडी लावून येते हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं, आणि माझ्याच घरी ती पहिली यायची.

स्पॉन्सरशिपचा अर्ज मग मोठ्या मुलीसाठी केला, मंजूर झाला, पण मधे पाच महिने गेले, फाईल कुठल्या टेबलावर झोपली होती ते लिहीत नाही. अंगणवाडीतही नाव घातलं. पण हे सगळं नंतरचं.

नवऱ्याला शोधायची कथा मोठी आहे, थोडक्यात सांगते. पिथमपूरचा ठेकेदार म्हणाला मला काय माहीत, मग त्याच्याच एका माणसानं बाहेर येऊन चुलतभावाचा नंबर दिला, चुलतभावानं दोन दिवस उचलला नाही, मग माझ्या ह्यांच्या फोनवरून लावला तर उचलला, आणि शेवटी रात्री साडेदहाला स्वतः नवऱ्याचा फोन आला. सुरतला साडीच्या कारखान्यात. त्याचं पहिलं वाक्य काय असेल?

"काकू, मी आलो तर मला बसवून ठेवतील का?"

तोच प्रश्न! बायकोनं विचारलेला, तोच.

माझ्या तोंडावर आलं होतं की ठेवायलाच पाहिजे रे तुला. गरोदर बायको टाकून गेलास. पण गप्प बसले. कलम ३८ चं पान उघडून फोटो काढला, त्या ओळीखाली पेनानं रेघ मारली, व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मग फोनवर वाचून दाखवलं. "जन्मदात्या आईबापावर" लिहिलंय, फक्त आईवर नाही. बापावर पण नाही. तो दोनदा म्हणाला, परत वाचा. मी परत वाचलं. आणि हेही सांगितलं की हे फक्त बाळापुरतं आहे, बायकोनं उद्या खावटी मागितली तर ती केस वेगळी, त्यात तुला काही सूट नाही. त्यावर काही बोलला नाही.

तीन दिवसांनी आला. सरवटे बसस्टँडला उतरला, पोहे खाल्ले, फोन केला. हडकला होता. मी घ्यायला गेले तर हात जोडून उभा, आणि मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की बस. पोहे कसे गेले ह्याच्या घशाखाली असं वाटलं. सासूबाईंना घरी आल्यावर म्हणलंसुद्धा, कायद्यानं ह्याला का वाचवावं? सासूबाई एक्क्याऐंशीच्या आहेत, शेंगा सोलत होत्या, म्हणाल्या, "अगं, धाक असता तर तो आला असता का?"

नसताच आला. आणि तो आला नसता तर सही नाही, सही नाही तर सरेंडर नाही, मग पेपरात फोटो आणि सासूनं ओळखलेलं कपाळ. म्हणजे तिला जे संरक्षण हवं होतं ते मिळायला आधी ह्याला मिळावं लागलं, जो माझ्या मते त्याच्या लायक नव्हता. मला अजूनही हे गिळताना त्रास होतो. पण कलम लिहिणाऱ्यानं 'आई' न लिहिता 'आईबाप' लिहिलं, ते बरं केलं.

सरेंडर डीडच्या, म्हणजे बाळ सोपवल्याच्या कागदावर सह्या करायच्या, दिवशी दोघं नऊ महिन्यांनी समोरासमोर. एकमेकांशी एक शब्द नाही. समितीच्या बाईंनी एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. कुणी जबरदस्ती केली नाही, धमकी नाही, पैसे घेतले नाहीत. बाळ देशात किंवा परदेशात कुठेही दत्तक जाऊ शकतं. साठाव्या दिवसापर्यंत मन बदललं तर बाळ परत मागता येईल, त्यानंतर काही हक्क नाही. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती. मधेच तिनं पदर पुढे ओढून घट्ट धरला, मला आधी वाटलं रडतेय, पण नाही, दूध आलं होतं. दाटून दाटून गाठी झालेल्या, ब्लाउज ओला, आणि दवाखान्यात कुणी काही सांगितलं नव्हतं की बाळ पाशी नसलं तर काय करायचं. कायद्यात दुधाबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, गोळ्या दिल्या, चार दिवस ताप होता.

फॉर्मच्या शेवटाकडे एक खूण करायची जागा असते. मूल मोठं होऊन आपलं मूळ शोधत आलं तर तुमचं नाव-पत्ता त्याला सांगायचा की नाही. नवरा लगेच म्हणाला, नको, नको लिहा. बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "माझा द्या. त्याचा नको असेल तर नका देऊ, माझा द्या." एवढ्या महिन्यांत नवऱ्याच्या विरुद्ध बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य असावं. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "द्या मग." सही केली, तीनच्या बसनं सुरतेला गेला.

मग साठ दिवस. हे दिवस मला जास्त जड गेले की तिला, माहीत नाही. ती विसाव्या दिवशी कामावर परत आली, मी नको नको म्हणत होते. गल्लीत विचारायचे, काय झालं बाळंतपणाचं, ती म्हणायची, "गेलं." लोक चुकचुकायचे आणि पुढचं विचारायचे नाहीत. एका वहिनींना मात्र कुठून तरी कळलं, त्या मला गच्चीत गाठून म्हणाल्या, मुलगा होता म्हणे, मुलगा कुणी देतं का? जणू मुलगी दिली असती तर ठीक होतं!

मी कॅलेंडरवर पेन्सिलनं बारीक खुणा करत होते. चाळिसाव्या दिवशी विचारलं, बघून यायचंय का? ती म्हणाली, बघितलं तर आणेन. पन्नासाव्या दिवशी परत विचारायला गेले तर तिनंच हात केला, पोळी तव्यावर होती, म्हणाली, "काकू, मोजू नका. मला तोंडपाठ आहे."

एकसष्टाव्या दिवशी नेहमीसारखी सहाला आली. कणीक मळली, पोळ्या केल्या. त्या दिवशी मोजून घेतल्या मी, सोळाच्या जागी वीस झाल्या होत्या, काही बोलले नाही. पुढे समितीच्या तीन सदस्यांनी बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर केलं, आता ते कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवरून कुठल्या तरी घरी जाईल किंवा गेलंही असेल, दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी काढतात. कुठे गेलं ते आम्हाला कळत नाही, कळायलाही नको.

गेल्या महिन्यात तिनं खोली बदलली. जुन्या मालकानं भाडं वाढवलं म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गेली. आधार कार्डावरचा पत्ता बदलायचाय का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली आधारचं राहू दे, ते नंतर बघू, आधी त्या ऑफिसात नवीन पत्ता द्यायचा आहे, ते फॉर्मवर लिहिलेलं होतं ना. मी अर्ज लिहून दिला, अर्ध्या पानाचा. दोन प्रती काढल्या. खिडकीवरचा माणूस म्हणाला असा अर्ज कधी कुणी आणला नाही, कुठे लावू? मी म्हणलं त्याच फाईलला लावा. त्यानं शिक्का मारून एक प्रत परत दिली, ती तिनं चौघडी करून रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घातली.